टीडीएस मीटरला न दिसणारं पाणी

कोल्हापुरातल्या बऱ्याच घरांत पाणी तपासायचं एखादं उपकरण आता सापडतं, आणि ते बहुतेक वेळा एकच असतं: पेनासारखा दिसणारा टीडीएस मीटर. पाणी शुद्ध करण्याचं आरओ यंत्र विकायला आलेल्या माणसाबरोबर तो घरात येतो आणि पुढे कपाटात राहतो. त्याच माणसाजवळ चार दांड्यांचं आणखी एक उपकरण असतं. टेबलावर दोन पेले ठेवायचे, एकात नळाचं पाणी आणि दुसऱ्यात यंत्राचं. दांड्या दोन्हींत बुडवायच्या आणि वीज सुरू करायची. मिनिटाभरात नळाच्या पाण्यावर तपकिरी, काळपट साका धरतो, यंत्राचं पाणी मात्र तसंच नितळ राहतं. घरातली माणसं हादरतात. प्रत्यक्षात तो साका पाण्यात नव्हताच. दांड्यांपैकी एक जोडी लोखंडाची असते, वीज वाहू लागली की तेच लोखंड विरघळतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. यंत्राच्या पाण्यातले क्षार काढून टाकलेले असल्यामुळे त्यातून वीज नीट वाहत नाही, म्हणून तिथे लोखंडही विरघळत नाही. नळाच्या पाण्यात क्षार आहेत, एवढंच या प्रयोगातून सिद्ध होतं. ते तर नदीच्या, विहिरीच्या, झऱ्याच्या, कोणत्याही चांगल्या पाण्यात असणारच.

टीडीएस मीटर मोजतो तेही हेच. पाण्यातून वीज किती सहज वाहते ते तो पाहतो आणि एका ठरावीक गुणकाने त्याचं विरघळलेल्या क्षारांत रूपांतर करून आकडा दाखवतो. उपकरण खोटं नाही. पण कोल्हापूरच्या नळाबाबत जो प्रश्न विचारायला हवा, त्याचं उत्तर त्याच्याकडे नाही. मर्यादित पैशांत घरी पाणी तपासायचं असेल, तर आपल्या भागात पाण्याने माणसं कशामुळे आजारी पडली हे आधी पाहावं आणि तेवढंच तपासणारं साधन सर्वांत आधी घ्यावं, असं माझं म्हणणं आहे. स्वस्त काय आणि महाग काय याचा हिशेब त्यानंतर करायचा.

आपल्याकडचा इतिहास याबाबत पुरेसा स्पष्ट आहे. १९८१ साली कोल्हापूर शहरात काविळीची मोठी साथ आली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला आणि तो १९८४ मध्ये ‘जर्नल ऑफ हायजीन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. साथ पाण्यातून पसरली होती, आणि ती नेहमीच्या ‘अ’ किंवा ‘ब’ प्रकारच्या काविळीची नव्हती. ज्या विषाणूला आज आपण हिपॅटायटिस ई म्हणतो, त्याची ओळख तेव्हा नुकती कुठे पटू लागली होती. त्यानंतर सुमारे तीस वर्षांनी, २०१२ च्या उन्हाळ्यात, इचलकरंजीत काविळीने हजारो लोक आजारी पडले आणि काहींचा जीव गेला. गरोदर स्त्रियांना या आजाराचा विशेष धोका असतो. दोन्ही गावं एकाच नदीच्या काठावर आहेत. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचं पाणी प्रयाग चिखलीपाशी एकत्र येतं, तिथून ती पंचगंगा होते, कोल्हापूरला वळसा घालून इचलकरंजीकडे जाते आणि नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळते. वाटेत जयंती नाला आणि दुधाळी नाला शहराचं सांडपाणी तिच्याकडे आणतात. वरच्या गावाचं सांडपाणी आणि खालच्या गावाचं पिण्याचं पाणी यांत अंतर असतं ते काही किलोमीटरचं आणि एका शुद्धीकरण केंद्राचं.

थोडक्यात, आपला जुना आणि सिद्ध झालेला धोका मैल्याचा आहे, क्षारांचा नाही. सह्याद्रीच्या पावसावर वाहणाऱ्या या नद्यांचं पाणी मुळातच मऊ असतं. आता साधं गणित करून पाहू. समजा नळाच्या पाण्याचा टीडीएस लिटरला १०० मिलिग्रॅम आहे आणि गटाराच्या पाण्याचा ७००. फुटक्या जलवाहिनीतून हजार भाग पाण्यात एक भाग गटाराचं पाणी शिरलं, तर टीडीएस वाढेल अवघा ०.६ मिलिग्रॅम. पूर्णांकात आकडा दाखवणाऱ्या मीटरवर १०० चा १०१ होईल किंवा १०० च राहील, आणि अशा मीटरची स्वतःची चूकच दोन-एक टक्क्यांची असते. जंतूंचं गणित मात्र वेगळं आहे. कच्च्या सांडपाण्याच्या दर १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय जिवाणू साधारण दहा लाख ते एक कोटी असतात. ते हजारपट पातळ झालं तरी एका छोट्या पेल्यात हजार ते दहा हजार जिवाणू उरतात. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, सांगतं की १०० मिलिलिटरमध्ये एकही असता कामा नये. म्हणजे मीटरवर काही कळणार नाही आणि पाणी मात्र पिण्यालायक राहणार नाही. ही उपकरणाच्या किमतीची अडचण नाही. पाच हजारांचा टीडीएस मीटर घेतला तरी निकाल हाच लागेल.

मग पहिली खरेदी कशाची करायची? उरलेला क्लोरीन मोजणाऱ्या छोट्या पेटीची. ग्रामपंचायतीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकणाऱ्या जलसुरक्षकाच्या हातात असते तीच ही ओटी चाचणी, ज्या पेटीला क्लोरोस्कोप म्हणतात. नळाचं पाणी खुणेपर्यंत भरायचं, ऑर्थोटोलिडीनचे सांगितलेले थेंब टाकायचे, नळी हलवायची आणि आलेला पिवळा रंग शेजारच्या पट्टीशी ताडून पाहायचा. रंगच आला नाही तर क्लोरीन नाही. फिकट पिवळा म्हणजे लिटरला ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम, गडद पिवळा म्हणजे ०.५ किंवा त्याहून जास्त. मानकाप्रमाणे ग्राहकाच्या नळाला किमान ०.२ हवा, आणि विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तर अर्ध्या तासाच्या संपर्कानंतर ०.५. काविळीचा इतिहास असलेल्या गावाने डोक्यात ठेवायचा आकडा हा दुसरा आहे. शुद्धीकरण केंद्रातून निघालेल्या पाण्यात क्लोरीन असतोच, पण वाटेत सेंद्रिय घाण भेटली की तो तिच्यावर खर्च होतो. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळी सुटतं. बंद असताना रिकाम्या नळात बाहेरचा ओलावा शोषला जातो, आणि जुनी वाहिनी गटाराशेजारून जात असेल तर तो ओलावा कशाचा असणार हे उघड आहे. म्हणून चाचणी घ्यायची ती थेट नळावर, छतावरच्या टाकीवर नाही, कारण उन्हात तापलेल्या टाकीत क्लोरीन टिकत नाही. एकदा पाणी सुटल्या सुटल्या घ्यावी, एकदा पंधरा मिनिटांनी. दोन रंगांत फरक दिसला तर तो आपल्या गल्लीतल्या वाहिनीबद्दल काहीतरी सांगतो.

या चाचणीबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, नाहीतर टीडीएस मीटरवर असतो तसाच आंधळा विश्वास हिच्यावर बसेल. उरलेला क्लोरीन म्हणजे मैला ओळखणारं साधन नव्हे. हजारात एक भाग गटार मिसळलं तर त्यात खर्च होणारा क्लोरीन इतका थोडा असतो की पिवळा रंग फारसा बदलत नाही. शंभरात एक भाग मिसळलं तर मात्र ०.२ चा साठा पुसला जाऊ शकतो. पहिल्या प्रसंगात रंग टिकला याचा अर्थ एवढाच की वाटेत शिरलेल्या जंतूंशी झगडायला औषध शिल्लक आहे. दुसऱ्या प्रसंगात ते संपलं आहे. ही चाचणी ढाल आहे की नाही ते सांगते, आणि घरातल्या माणसाला सकाळी पाणी भरताना नेमकं तेच हवं असतं, कारण त्यावर लगेच काही करता येतं: पाणी उकळायचं, किंवा मोजून टीसीएल टाकायची आणि अर्ध्या तासाने पुन्हा पाहायचं.

यावर पहिला आक्षेप येतो तो अचूकतेचा. रंगाच्या पट्टीवरून ०.२ आणि ०.३ यांतला फरक डोळ्याला कळतो का? नाही कळत. पण घरच्या निर्णयासाठी तो लागतही नाही. क्लोरीन नाही, थोडा आहे, पुरेसा आहे, या तीन उत्तरांवर पुढची कृती ठरते आणि तेवढं ओटी पेटी देते. तिचे दोष माहीत असले म्हणजे झालं. पाण्यात लोह, मँगनीज किंवा नायट्राइट असेल तर क्लोरीन नसतानाही पिवळट झाक येते. शिवाय पट्टीशी ताडायला उशीर केला तर अमोनियाशी बांधला गेलेला, कमी जोमाचा क्लोरीनही रंगात मिसळतो, म्हणून थेंब टाकल्यावर काही सेकंदांत पाहायचं. ऑर्थोटोलिडीन हे रसायन आरोग्याला घातक असल्याचा संशय आहे, त्यामुळे हाताला लागू द्यायचं नाही आणि तपासलेलं पाणी परत भांड्यात ओतायचं नाही. लहान मुलं असलेल्या घराने थोडे जास्त पैसे देऊन गुलाबी रंग देणारी डीपीडी पेटी घेणं मला योग्य वाटतं. तिच्यात मोकळा आणि बांधलेला क्लोरीन वेगळा कळतो. तिचाही एक विचित्र दोष आहे: क्लोरीन फारच जास्त असेल तर गुलाबी रंग उमटल्या उमटल्या विरून जातो आणि क्लोरीन नाहीच असं वाटतं. टाकीत टीसीएल टाकल्यावर शंका आली तर तेच पाणी उकळून गार केलेल्या पाण्यात दहापट पातळ करून पुन्हा तपासावं. पेटी जुनी झाली आहे का हेही घरीच पाहता येतं. दहा मिनिटं उकळून गार केलेल्या पाण्यात रंग येता कामा नये, आणि त्याच पाण्यात चिमूटभर टीसीएल टाकल्यावर तो आलाच पाहिजे. या दोन टोकांना पेटी बरोबर बोलली तर मधल्या उत्तरांवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

दुसरी खरेदी जिवाणू ओळखणाऱ्या बाटलीची, म्हणजे एच-टू-एस चाचणीची. ही पद्धत भारतातच तयार झाली, आणि गरीब देशांतल्या पाणी तपासणीला इतका उपयोगी पडलेला शोध आपल्या शाळांच्या पाठ्यपुस्तकांत यायला हवा असं मला वाटतं. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या मांजा, मौर्य आणि राव यांनी १९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये ती मांडली. मैल्यात सापडणारे काही जिवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात. तो बाटलीतल्या लोहाशी संयोग पावतो आणि पाणी काळं पडतं. बाटली खुणेपर्यंत भरायची, झाकण लावून उबदार जागी ठेवायची आणि एक ते दोन दिवस वाट पाहायची. ना सूक्ष्मदर्शक लागतो, ना प्रयोगशाळा, ना वीज. डिसेंबरच्या थंडीत काळं पडायला वेळ लागतो, म्हणून तेव्हा पूर्ण ४८ तास थांबावं. नळाच्या पाण्यातला क्लोरीन बाटलीतही जिवाणू मारत राहील, त्यामुळे तो निष्प्रभ करणारं रसायन आत असलेलीच बाटली मागून घ्यावी. एका बाटलीला लागणारे पैसे कोल्हापुरातल्या मिसळीच्या एका प्लेटपेक्षा कमी असतात. वापरलेल्या बाटलीत जंतू वाढलेले असतात, म्हणून टीसीएलचं दाट पाणी ओतून अर्धा तास ठेवल्याशिवाय ती टाकायची नाही.

इथे जाणकार माणूस थांबवेल, आणि बरोबर थांबवेल. बाटली काळी पडली नाही म्हणजे पाणी काविळीपासून सुरक्षित झालं का? १९५५ च्या हिवाळ्यात दिल्लीत जे घडलं त्यात याचं उत्तर आहे. यमुनेने पात्र बदललं, नजफगड नाल्याचं सांडपाणी उलटं सरकून वझिराबादच्या पाणी उपशापर्यंत पोचलं. शुद्धीकरण केंद्रातल्या लोकांनी तुरटी आणि क्लोरीन वाढवला. विषमज्वर आणि इतर जिवाणूजन्य आजार वाढले नाहीत, पण त्यानंतर सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. जिवाणू मेले आणि विषाणू निसटले. अनेक वर्षांनी, जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून, ती साथ हिपॅटायटिस ईची असल्याचं कळलं. तेव्हा काळी पडलेली बाटली ही पक्की धोक्याची सूचना आहे, पण काळी न पडलेली बाटली हे अभयपत्र नाही. म्हणूनच मी क्लोरीनची पेटी आधी ठेवतो आणि बाटली नंतर. बाटली काल काय झालं ते सांगते; ०.५ चा क्लोरीन आत्ताच्या पाण्याच्या बाजूने विषाणूविरुद्ध उभा असतो, आणि तोही पाणी नितळ असेल तरच. पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यातल्या गढूळ पाण्यात मातीच्या कणांआड जंतू लपतात. त्यामुळे पेल्यातलं पाणी उजेडात धरून गढूळपणा पाहणं हीदेखील एक चाचणी आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही. मानकाला गढूळपणा १ एनटीयूपर्यंत हवा आहे, जास्तीत जास्त ५, आणि ५ च्या आसपास डोळ्याला पाणी किंचित धूसर वाटू लागतं. धूसर पाणी आधी निवळवायचं किंवा गाळायचं, आणि मगच टीसीएलचा विचार करायचा.

‘आमच्याकडे आरओ आहे, आम्हाला हे कशाला?’ हा पुढचा आक्षेप, आणि आरओ घेणाऱ्या घराचा हेतू चांगलाच असतो. पडदा धड असेल तर आरओ विषाणूही अडवतो. पण पडदा धड आहे हे कोण सांगणार? टीडीएस मीटर काही अंशी सांगतो, हे मान्य आहे: आत आणि बाहेरच्या आकड्यांतला फरक कमी होऊ लागला की पडदा बदलायचा. बारीक छिद्र मात्र त्यातून सुटू शकतं. शिवाय आरओच्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, त्यामुळे यंत्राच्या साठवण टाकीत जंतू शिरले तर त्यांना अडवणारं काही नसतं. महिन्यातून एकदा एच-टू-एसची बाटली आरओच्या तोटीखाली भरावी, हा सल्ला विक्रेता देणार नाही. आणि दात घासणं, भांडी, कोशिंबीर, ताक हे सगळं त्याच घरात नळाच्या पाण्यावर चालतं. दरम्यान आरओ घेतलेल्या पाण्यातलं बरंचसं गटारात सोडून देतो. टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओवर बंदी घालावी, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सरकारला सांगितलं त्यामागे हा नासाडीचा आणि चांगले क्षार घालवण्याचाच मुद्दा होता. पंचगंगेच्या किंवा काळम्मावाडी धरणाच्या पाण्यावरच्या घराने तो आदेश एकदा आठवून पाहावा.

टीडीएस मीटर पूर्ण निरुपयोगी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. जिल्ह्याच्या पूर्वेला चित्र बदलतं. शिरोळ आणि हातकणंगलेच्या उसाच्या पट्ट्यात अतिपाण्याने जमिनी क्षारपड झाल्या आहेत, आणि तिथल्या बोअरचं पाणी जड असणं साहजिक आहे. तिथे आधी मीटरच घ्यावा. त्याच्या जोडीला नायट्रेट तपासावं, कारण वर्षानुवर्षं टाकलेलं नत्रखत पाझरून खाली जातं. पाण्यातलं नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर गेलं तर तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता कमी होऊ शकते, आणि मानकात या मर्यादेला सवलत नाही. यासाठी मत्स्यपालनाच्या दुकानात मिळणारी थेंबांची नायट्रेट पेटी पुरते. घरी फिशटँक ठेवणारे ती नेहमी वापरतात, आणि दर आठवड्याला तपासून वहीत लिहून ठेवण्याची त्यांची शिस्त उचलण्यासारखी आहे. फक्त पेटीवरचं एकक नीट वाचावं. काही पेट्या नायट्रेट दाखवतात, काही त्यातला नुसता नायट्रोजन. दुसऱ्या प्रकारातला आकडा ४.४ ने गुणला की नायट्रेट मिळतं. म्हणजे तिथे १० दिसलं तर मर्यादा जवळजवळ गाठलेली असते. नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटल्यावर ते दाट होतं. अशा घरात बाळाच्या पाण्यासाठी आरओचा खर्च सार्थकी लागतो.

आता पुराचं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली की कोल्हापूरकरांचं लक्ष ४३ फुटांच्या धोका पातळीकडे लागतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी त्याच्याही खूप वर गेलं. उपसा केंद्रांत पाणी शिरलं की नळ कोरडे पडतात आणि लोक टँकरवर, जुन्या विहिरींवर येतात. कोणती विहीर पुराच्या पाण्याखाली होती हे तेव्हा विचारायला सवड नसते. त्या आठवड्यात ओटी पेटी हे घरातलं सर्वांत मोलाचं उपकरण ठरतं. नितळ पाण्याला हजार लिटरमागे चांगल्या प्रतीची साधारण अडीच ग्रॅम टीसीएल लागते, पण पूर ओसरल्यावरचं पाणी नितळ नसतं आणि ओलाव्यात पडून राहिलेली टीसीएल चांगल्या प्रतीची उरत नाही. किती टाकायची हे पुस्तक सांगू शकत नाही, पेटी सांगते: टाकायची, ढवळायची, अर्धा तास थांबायचं, रंग पाहायचा, ०.५ नसेल तर पुन्हा थोडी टाकायची. टँकरच्या पाण्यावरही हीच चाचणी टँकर रिकामा होण्याआधी घ्यायची.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. स्वच्छ पाणी देणं महापालिकेचं काम आहे. लोकांनी कर भरायचा आणि वर थेंबही टाकत बसायचे का? काम महापालिकेचंच आहे, आणि घरोघरच्या पेट्यांनी तिची जबाबदारी तसूभरही कमी होत नाही. पण शुद्धीकरण केंद्रात घेतलेली नोंद शिवाजी पेठेच्या शेवटच्या टोकाच्या नळाबद्दल काही सांगत नाही, आणि वाहिनी फुटते ती केंद्र आणि नळ यांच्या मधे. खेड्यांत या मधल्या अंतरावर निदान कागदोपत्री तरी नजर आहे. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना तपासणी संच वापरायला शिकवायचं ठरलं, आणि स्वच्छता सर्वेक्षणातून ग्रामपंचायतींना लाल, पिवळी आणि हिरवी कार्डं मिळतात. शहरातल्या गल्लीला यातलं काहीच नाही. कोल्हापुरात मात्र पेठापेठांत तालमी आणि मंडळं आहेत, आणि पुरात ताटं वाढण्यापासून बोटी काढण्यापर्यंत सगळं त्यांनी केलेलं आहे. एका तालमीने एक डीपीडी पेटी आणि महिन्याला दहा एच-टू-एसच्या बाटल्या घेतल्या, तर घरामागे येणारा खर्च चहाच्या पैशांहून जास्त होणार नाही. पाणी सुटण्याच्या वेळी गल्लीच्या दोन टोकांच्या नळांवर चाचणी घ्यावी. तारीख, वेळ, नळ कोणता आणि रंग किती हे वहीत लिहावं. सलग दोन दिवस रंग आला नाही किंवा बाटली काळी पडली, तर वहीच्या पानाचा फोटो पाणीपुरवठा विभागाला पाठवून प्रयोगशाळेतल्या तपासणीची मागणी करावी, आणि तोवर गल्लीत पाणी उकळून प्यायचा निरोप द्यावा. हिपॅटायटिस ईची लक्षणं दिसायला दोन ते दहा आठवडे लागतात. दवाखान्यात पहिला रुग्ण पिवळा दिसेपर्यंत ज्या दिवशी पाणी बिघडलं तो दिवस कधीच मागे पडलेला असतो, आणि तेव्हा कोणत्या नळाला कोणत्या तारखेला क्लोरीन नव्हता हे सांगणारी नोंद शोधणाऱ्या डॉक्टरांना त्या वहीचा उपयोग होईल. महापालिकेनेही आपल्या बाजूने एवढं करावं: प्रभागवार, टोकाच्या नळांवरचा उरलेला क्लोरीन दर आठवड्याला जाहीर करावा, म्हणजे तालमीच्या वहीतला आकडा त्याच्याशी ताडून पाहता येईल.